ऑनलाइन संशोधन-माहिती : शोध, पारख आणि संदर्भ यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात संदर्भ विभाग सांभाळताना एम.ए. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांनी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक जण मराठी माध्यमातून शिकलेले असून त्यांतील अनेक जण दिवसा नोकरी करतात आणि लोकलच्या प्रवासात मोबाइलवर वाचन करतात. त्यांचे विषयही याच शहरातले असतात, म्हणून उदाहरणेही येथलीच घेतली आहेत.

गूगलवर विषय टाकला की हजारो पाने येतात. नेमकी सुरुवात कोठून करावी?

सुरुवात विषयापासून न करता प्रश्नापासून करावी. ‘गिरणी कामगारांचा संप’ हा विषय झाला. ‘१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाच्या काळात परळ-लालबागमधील स्त्रियांनी घरखर्च कसा भागवला’ हा प्रश्न झाला. प्रश्न असा नेमका झाला की कोणते शब्द शोधायचे, कोणत्या वर्षांचे कागद पाहायचे आणि कोणती पाने न उघडताच सोडून द्यायची, हे बरेचसे आपोआप ठरते.

त्यानंतर मराठी विश्वकोशातील संबंधित नोंद वाचून विषयाची चौकट समजून घ्यावी आणि मग शोधगंगेवर जावे. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राचे हे भांडार असून भारतीय विद्यापीठांत मान्य झालेले पीएच.डी.चे प्रबंध तेथे विनामूल्य वाचता येतात. माझा सल्ला असा की प्रबंध उघडल्यावर पहिल्या प्रकरणाआधी त्याची संदर्भसूची वाचावी. आपल्याच विषयावर कोणी चार-पाच वर्षे खर्च केली असतील, तर त्या काळात त्याने काय काय पाहिले, हे त्या सूचीत दिसते. मात्र मान्य झालेला प्रत्येक प्रबंध सारख्याच काळजीने लिहिलेला असतो असे समजू नये, आणि सूचीतील नोंद स्वतः तपासल्याशिवाय आपल्या सूचीत उतरवून घेऊ नये.

मराठीत शोधले की फारसे काही सापडत नाही. मराठीत संशोधनच झालेले नाही का?

संशोधन झालेले आहे, पण ते शोधयंत्राच्या हाती लागत नाही, आणि त्याची कारणे समजली तर मार्गही सापडतो. हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण ‘मराठीत काही नाही’ असा समज करून घेऊन अनेक विद्यार्थी आपल्याच भाषेतली साधने सोडून देतात.

पहिले कारण लेखनपद्धतीचे आहे. मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ मध्ये आले आणि त्यांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. त्यापूर्वीच्या छापील मजकुरात ‘नांव’, ‘गांव’, ‘कांहीं’, ‘केलें’ अशीच रूपे आढळतात. १९३० सालच्या मजकुरात ‘गाव’ हा शब्द शोधणाऱ्याला ‘गांव’ दिसेलच असे नाही. तेव्हा जुन्या काळावर काम करताना दोन्ही रूपे टाकून पाहावीत.

दुसरे कारण अक्षरांच्या संगणकीय नोंदीचे आहे. ‘शेतकऱ्यांचा’ या शब्दातील अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या जागतिक प्रमाण संकेतपद्धतीत, दोन प्रकारे टंकित होतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते वेगळे शब्द ठरू शकतात. ‘ॲक्ट’मधील ‘ॲ’चेही तसेच आहे. ‘बँक’ आणि ‘बॅंक’ ही तर उघडच दोन रूपे आहेत. शोध फसला तर त्या अक्षरापुरता भाग वगळून उरलेले शब्द टाकून पाहावे.

तिसरे कारण युनिकोडपूर्व फाँटांचे. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या फाँटांत तयार झालेल्या पीडीएफ पडद्यावर नीट वाचता येतात, परंतु त्यांतला मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला तर निरर्थक चिन्हे उमटतात. शोधयंत्राला त्या फाइलीत ती चिन्हेच दिसतात. अशा फाइली आतल्या मजकुरावरून सापडत नाहीत. त्या शीर्षकावरून, लेखकाच्या नावावरून किंवा संस्थेच्या संकेतस्थळावरील यादीतूनच शोधाव्या लागतात.

शेवटी शब्दांचा इतिहास लक्षात घ्यावा. १८९६ मध्ये मांडवी भागातून पसरलेल्या साथीचा अभ्यास करणाऱ्याने ‘प्लेग’बरोबरच ‘ग्रंथिक सन्निपात’ हा त्या काळचा शब्दही शोधला पाहिजे. शहराचे इंग्रजी नाव १९९५ पर्यंत ‘बॉम्बे’ असल्याने त्याआधीचे इंग्रजी लेखन ‘मुंबई’ या शब्दाने सहसा सापडणार नाही. असे पर्यायी शब्द पहिल्याच दिवशी वहीत लिहून काढावेत आणि नवा शब्द भेटला की त्यांत भर घालावी.

गूगल आणि गूगल स्कॉलर यांत फरक काय?

गूगल सर्व प्रकारची पाने दाखवते. २००४ पासून उपलब्ध असलेले गूगल स्कॉलर मुख्यतः शोधनिबंध, प्रबंध, पुस्तके आणि परिषदांतील लेखन दाखवते. प्रत्येक नोंदीखाली ‘हा लेख पुढे कोणी उद्धृत केला’ याचा दुवा असतो आणि त्याचा उपयोग फार कमी विद्यार्थी करतात. लेखाच्या संदर्भसूचीवरून आपण मागे जातो, या दुव्यावरून पुढे येतो. १९८५ सालचा एखादा चांगला लेख हाती लागला, तर त्याच्याशी पुढे कोण सहमत झाले आणि कोणी तो खोडून काढला, हे त्यातून कळते. मात्र उद्धरणांचा आकडा हा गुणवत्तेचा दाखला नव्हे, कारण खोडून काढण्यासाठी केलेला उल्लेखही त्यात मोजला जातो. मराठी नियतकालिके तेथे अगदी कमी आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

शोधताना नेमका शब्दसमूह हवा असेल तर तो अवतरणचिन्हांत लिहावा. एकाच संकेतस्थळावर शोधायचे असेल तर ‘साइट’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून त्यापुढे अपूर्णविराम आणि त्या संकेतस्थळाचा पत्ता, मध्ये जागा न सोडता, द्यावा.

लेख सापडतो, पण वाचण्यासाठी पैसे मागतात. काय करावे?

पैसे भरू नयेत. आधी ग्रंथपालांकडे यावे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली असून तिच्याद्वारे ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० ई-नियतकालिके केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्थांना खुली होतात. तुमची संस्था या योजनेत आहे की नाही हे ग्रंथालयात विचारल्यास लगेच कळेल. नसेल, तर महाविद्यालयांना ई-नियतकालिके आणि ई-पुस्तके पुरवणाऱ्या इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्ट योजनेबद्दल विचारावे.

त्याशिवाय गूगल स्कॉलरवर त्याच लेखाच्या ‘सर्व आवृत्त्या’ पाहाव्यात, कारण लेखकाने आपल्या विद्यापीठाच्या भांडारात ठेवलेली प्रत अनेकदा तेथे मिळते. जेस्टोर या संग्रहावर वैयक्तिक नोंदणी केल्यास महिन्याला १०० लेखांपर्यंत पडद्यावर विनामूल्य वाचता येतात. मुंबईतूनच निघणाऱ्या इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीचे जुने अंक तेथे आहेत, आणि गिरणगावाच्या अभ्यासकाला ते टाळता येणार नाहीत. एवढे करूनही लेख मिळाला नाही तर लेखकाला थोडक्यात आणि नम्रपणे ई-मेल लिहावा. बहुतेक संशोधकांना आपला लेख कोणी मागितला याचा आनंदच होतो.

संकेतस्थळावरील माहिती विश्वासार्ह आहे हे कसे ओळखावे?

संकेतस्थळ देखणे आहे का, पत्त्याच्या शेवटी सरकारी किंवा शैक्षणिक संस्थेची खूण आहे का, एवढ्यावर निर्णय घेऊ नये. मी विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारायला सांगते : हे लिहिणाऱ्याला हे कसे कळले? त्याने स्वतः मोजले, पाहिले, कागदपत्र वाचले, की दुसऱ्याचे वाचून लिहिले? दुसऱ्याचे वाचले असेल तर त्या दुसऱ्यापर्यंत जावे, आणि तेथेही हाच प्रश्न विचारावा.

२६ जुलै २००५ चा पाऊस घ्या. ‘मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला’ हे वाक्य आपण शेकडो ठिकाणी वाचलेले आहे. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या नोंदीपर्यंत गेल्यावर कळते की हा आकडा सांताक्रूझच्या वेधशाळेचा आहे, आणि तो २७ जुलैच्या सकाळी साडेआठ वाजता संपलेल्या २४ तासांचा आहे. त्याच काळात कुलाब्याच्या वेधशाळेत सुमारे ७४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. म्हणजे आकडा खरा, पण ‘मुंबईत’ हा शब्द अपुरा. मिठी नदीच्या पुराचा अभ्यास करणाऱ्याने हा फरक सोडला, तर शहराच्या दोन टोकांना त्या दिवशी किती वेगळे अनुभव आले, हेच त्याच्या लेखनातून निसटेल.

लोकसंख्येचेही असेच आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या कोणी १ कोटी २४ लाख लिहितो, तर कोणी १ कोटी ८४ लाख. दोघेही बरोबर असू शकतात, कारण पहिला आकडा बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीचा आहे आणि दुसरा ठाणे, कल्याण, नवी मुंबई इत्यादी भाग धरून होणाऱ्या नागरी समूहाचा. कोणताही आकडा घेताना तो कोणत्या हद्दीचा, कोणत्या काळाचा आणि कोणी मोजलेला, या तिन्ही गोष्टी त्याच्यासोबतच टिपून घ्याव्यात. नंतर आठवणीवर विसंबून त्या भरता येत नाहीत.

दहा संकेतस्थळांवर एकच माहिती आढळली, म्हणून ती दहा वेळा सिद्ध झाली असे होत नाही. वाक्यरचना सारखी असेल, चुकाही सारख्याच असतील, तर ती दहा पाने एकाच पानाच्या नकला आहेत असे समजावे.

समीक्षित नियतकालिकात छापून आलेले खरेच असते ना?

समकक्ष तज्ज्ञांनी छाननी केलेला लेख तुलनेने अधिक भरवशाचा असतो, परंतु ती सत्यतेची हमी नव्हे. लस आणि स्वमग्नता (ऑटिझम) यांचा संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांचा निबंध १९९८ मध्ये द लॅन्सेट या अग्रगण्य नियतकालिकात आला. तो केवळ १२ मुलांच्या निरीक्षणावर आधारलेला होता, आणि २०१० मध्ये नियतकालिकाने तो संपूर्णपणे मागे घेतला. मधल्या १२ वर्षांत त्याने पालकांच्या मनात पेरलेली भीती मात्र त्याबरोबर मागे घेता आली नाही.

म्हणून लेख वापरण्यापूर्वी प्रकाशकाच्या पानावर जाऊन तो मागे घेतला आहे का किंवा त्याला दुरुस्ती जोडली आहे का, ते पाहावे. मित्राने पाठवलेल्या पीडीएफवर हे कळत नाही. मागे घेतलेल्या लेखांची रिट्रॅक्शन वॉच ही माहितीसूची २०२३ पासून क्रॉसरेफ या डीओआय (लेखाचा कायमचा ओळख-क्रमांक) नोंदवणाऱ्या संस्थेमार्फत सर्वांना खुली आहे. जो लेख समीक्षेपूर्वीच खुला केलेला असतो, म्हणजे प्रीप्रिंट, तो वापरता येतो. पण तो प्रीप्रिंट आहे हे आपल्या मजकुरात स्पष्ट लिहावे.

‘आठ दिवसांत निबंध छापून देतो’ असे ई-मेल येतात. ती नियतकालिके चालतात का?

नाही. आठ दिवसांत प्रामाणिक समीक्षा होत नाही. अशी नियतकालिके शुल्क घेऊन काहीही छापतात, आणि त्यांत छापलेला निबंध पुढे मुलाखतीत आपल्यालाच अडचणीत आणतो. पूर्वी विद्यार्थी यूजीसी-केअर ही मान्य नियतकालिकांची सूची पाहून निश्चिंत होत असत. ती सूची २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने जाहीर केले. आता तपासणीची जबाबदारी संस्थेवर आणि तुमच्यावर आहे. संपादक मंडळातील व्यक्ती त्यांच्या स्वतःच्या विद्यापीठाच्या पानावर तसा उल्लेख करतात का, नियतकालिकाचा आठ अंकी ओळख-क्रमांक, म्हणजे आयएसएसएन, या क्रमांकाच्या अधिकृत संकेतस्थळावर त्याच नावाने नोंदलेला आहे का, हे पाहावे. मुख्य म्हणजे मागील दोन अंकांतले तीन-चार निबंध स्वतः वाचावेत. ते वाचल्यावर बहुधा दुसऱ्या कसोटीची गरज उरत नाही.

विकिपीडिया वापरला तर चालतो का?

वाचण्यासाठी चालतो, उद्धृत करण्यासाठी नाही. लेखाच्या तळाशी दिलेल्या संदर्भांपर्यंत जावे आणि ते उद्धृत करावेत. संदर्भ न दिलेल्या वाक्याचा आधार घेऊ नये.

चॅटजीपीटीसारख्या साधनाने संदर्भ दिले, तर ते घ्यावेत का?

स्वतः उघडून पाहिल्याशिवाय एकही घेऊ नये. ही साधने भाषेचा संभाव्य पुढचा शब्द रचत जातात, त्यामुळे लेखकाचे नाव, शीर्षक, वर्ष, पृष्ठ हे सर्व अगदी खरे वाटेल असे, पण अस्तित्वात नसलेले संदर्भ तयार होऊ शकतात. न्यू यॉर्कमधील संघीय न्यायालयाने जून २०२३ मध्ये अशाच काल्पनिक निवाड्यांचे दाखले दिल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलरचा दंड केला. मराठी पुस्तकांच्या बाबतीत मला हा धोका अधिक जाणवतो, कारण पडताळून पाहण्याजोगी नोंद ऑनलाइन कमी असते आणि खोटा संदर्भ सहज खपून जातो. पर्यायी शोधशब्द सुचवून घेणे किंवा अवघड इंग्रजी परिच्छेद समजून घेणे यासाठी साधन जरूर वापरावे, आणि मार्गदर्शकांना तसे सांगावे.

संदर्भ कोणत्या पद्धतीने द्यावेत? एपीए, एमएलए की शिकागो?

तुमचा विभाग सांगेल ती. सामाजिक शास्त्रांत बहुधा एपीए, भाषा-साहित्यात एमएलए आणि इतिहासात तळटिपांची शिकागो पद्धत चालते. संदर्भ हा पत्ता आहे. वाचकाला त्या पत्त्यावरून तुम्ही ज्या पानावर उभे होता त्याच पानावर पोहोचता आले पाहिजे, मग स्वल्पविराम कोठे आला हा प्रश्न दुय्यम ठरतो.

ऑनलाइन लेखासाठी लेखकाचे नाव, लेखाचे शीर्षक, नियतकालिकाचे नाव, खंड, अंक, वर्ष, पृष्ठे आणि असल्यास डीओआय क्रमांक द्यावा. १० या अंकाने सुरू होणारा हा क्रमांक त्या लेखाची कायमची ओळख असतो. प्रकाशकाने संकेतस्थळ बदलले तरी तो लेखापर्यंत नेतो. डीओआय असताना ब्राउझरच्या पट्टीतला लांबलचक पत्ता चिकटवू नये.

काही अडचणी खास आपल्याकडच्या आहेत. जुन्या मराठी ग्रंथांवर केवळ शके छापलेले असेल, तर ते तसेच लिहून पुढे इसवी सन द्यावा. शक वर्ष चैत्रात बदलत असल्याने ७८ मिळवून येणारे वर्ष आणि त्याचे पुढचे वर्ष अशी जोडी लिहावी लागते; शके १८२० म्हणजे १८९८-९९. टोपणनावाने लिहिणाऱ्याचे नाव ग्रंथावर छापले आहे तसेच ठेवावे. शोधगंगेवरील प्रबंध प्रकरणवार फाइलींत असतात, त्यामुळे पडद्यावर दिसणारा पानाचा क्रमांक आणि प्रबंधावर छापलेला पृष्ठक्रमांक वेगळे असतात; नेहमी छापलेला क्रमांक द्यावा. आधीच्याच टिपेतील ग्रंथ पुन्हा सांगण्यासाठी तळटिपांत ‘तत्रैव’ (तेथेच) लिहिण्याची आपली परंपरा सुटसुटीत आहे, पण संगणकावर लिहिताना मध्येच एखादी नवी तळटीप घातली की पुढचे ‘तत्रैव’ भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागते. म्हणून शेवटचा मसुदा होईपर्यंत प्रत्येक ठिकाणी लेखकाचे नाव आणि वर्ष लिहावे.

झोटेरो हे विनामूल्य साधन संदर्भ साठवून हव्या त्या पद्धतीत मांडून देते. त्याने भरलेली मराठी नावे आणि शीर्षके मात्र एकदा डोळ्यांखालून घालावीत.

मूळ ग्रंथ मिळाला नाही, पण दुसऱ्याच्या लेखात त्यातले अवतरण आहे. मूळ ग्रंथाचाच संदर्भ दिला तर?

तसे करू नये, आणि याविषयी मी आग्रही आहे. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीच्या मसुद्यातील अवतरण पडताळण्यासाठी आम्ही दोघींनी मूळ ग्रंथ काढला, तेव्हा दिलेल्या पृष्ठावर ते वाक्य नव्हतेच. तिने ज्या प्रबंधातून ते घेतले होते, त्यातही तेच पृष्ठ होते आणि त्याआधीच्या एका निबंधातही तेच. तिघांपैकी कोणीच ग्रंथ उघडलेला नव्हता. अखेर वाक्य चाळीस पाने पुढे सापडले, आणि त्याच्या आधीचे वाक्य वाचल्यावर कळले की लेखकाने ते मत स्वतःचे म्हणून नव्हे, तर प्रतिपक्षाचे म्हणून मांडले होते.

मूळ ग्रंथ खरोखरच मिळत नसेल, तर मूळ लेखकाचे नाव देऊन पुढे ‘उद्धृत’ असे लिहावे आणि तुम्ही प्रत्यक्ष वाचलेल्या लेखाचा पृष्ठासह संदर्भ द्यावा. त्यात कमीपणा नाही.

दहा टक्क्यांपर्यंत नक्कल चालते, हे खरे आहे का?

हा नियमाचा चुकीचा अर्थ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत १० टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानून त्यास दंड नाही. १० ते ४० टक्क्यांपर्यंत सुधारित मसुदा द्यावा लागतो, ४० ते ६० टक्के साम्य आढळल्यास एक वर्ष मसुदा सादर करता येत नाही आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द होते. ही मोजणी साम्याची आहे. अवतरणचिन्हांत संदर्भासह दिलेला मजकूर आणि संदर्भसूची तीत धरली जात नाहीत. उलट, संदर्भ न देता उचललेला एक परिच्छेदही वाङ्मयचौर्यच, मग टक्केवारी दोनच का येईना.

इंग्रजी लेखातील परिच्छेद मराठीत भाषांतरित करून आपला म्हणून देणे हेही वाङ्मयचौर्यच आहे. सॉफ्टवेअरला ते अनेकदा पकडता येत नाही, पण त्याने कृतीचे स्वरूप बदलत नाही. भाषांतर तुम्ही केले असेल तर संदर्भानंतर ‘भाषांतर प्रस्तुत अभ्यासकाचे’ असे लिहावे.

संदर्भ दिलेले पान नंतर नाहीसे झाले तर?

संकेतस्थळांची रचना बदलली की जुने दुवे मरतात; सरकारी विभागांच्या अहवालांबाबत हे वारंवार घडते. म्हणून पान वापरले त्याच दिवशी इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर त्याची प्रत जतन करावी आणि संदर्भात ती प्रत व पाहिल्याची तारीख दोन्ही द्यावीत. आधीच नाहीशी झालेली पाने शोधण्यासाठीही प्रथम तेथेच पाहावे. अहवाल पीडीएफमध्ये असेल तर तो स्वतःकडे उतरवून घ्यावा.

एवढे करूनही ऑनलाइन काहीच मिळाले नाही तर?

तर घराबाहेर पडावे. या बाबतीत मुंबईच्या विद्यार्थ्यासारखा भाग्यवान विद्यार्थी महाराष्ट्रात दुसरा नाही. १८०४ साली स्थापन झालेली एशियाटिक सोसायटी फोर्टमधील टाउन हॉलमध्ये आहे, आणि तिच्या ग्रंथसंजीवनी उपक्रमातून स्कॅन केलेली जुनी पुस्तके व वृत्तपत्रे घरबसल्याही पाहता येतात. काळा घोडा येथे एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. १८९८ मध्ये स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय दादरला आहे. १९८२ च्या संपाच्या बातम्या वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर सहसा सापडत नाहीत. त्यासाठी त्या वर्षाच्या अंकांच्या बांधीव फाइलीच उलटाव्या लागतात. जाण्यापूर्वी दूरध्वनी करून वेळ, सदस्यत्वाचे नियम आणि छायाचित्रे घेण्याची परवानगी यांची चौकशी करावी, मार्गदर्शकांचे पत्र आणि ओळखपत्र सोबत न्यावे. तेथे प्रत्येक पानाचे छायाचित्र घेण्याआधी मुखपृष्ठाचे आणि दप्तराच्या क्रमांकाचे छायाचित्र घ्यावे, म्हणजे सहा महिन्यांनी मोबाइलमधले ते पान कोठले होते हे शोधत पुन्हा काळा घोडा गाठावे लागणार नाही.